दुसरी खेप

चाकणच्या आमच्या कंपनीत एक कॉम्प्युटर आहे, त्याला कधीच नेट जोडलेलं नाही. पार्टची मापं घ्यायचं मशीन त्याच्यावर चालतं. ती खोली म्हणजे आमची स्टँडर्ड रूम. एसी सतत चालू, धूळ चालत नाही, आत जाताना बूट बाहेर काढायचे. माझे सेफ्टी शूज घट्ट होते आणि नाड्या सोडून परत बांधायचा मला कंटाळा यायचा.

कॉम्प्युटरवर कस्टमरची ड्रॉइंग, म्हणून नेट नाही. सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की ते बाहेरून पेन ड्राइव्हवर आणायचं. ऐकायला सोपं आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मोठी फाइल उतरवायला बंदी, मोबाइल गेटवर जमा, आणि मशीनवाल्यांच्या साइटवर कुठल्या व्हर्जनला कुठली फाइल, ते सापडता सापडत नाही. एक फाइल म्हणते, माझ्याआधी दुसरी टाका. दुसरी म्हणते, तुमची विंडोज जुनी. आणि हे जिथे नेट आहे तिथे कळत नाही. परत आल्यावर, पेन ड्राइव्ह लावल्यावर कळतं. म्हणून आम्ही सरळ आकुर्डीच्या सर्व्हिस सेंटरमधून फाइल आणायचो.

आम्ही म्हणजे तो आणायचा. तो मशीनचा ऑपरेटर, चाकणजवळच्याच गावचा, घरची शेती बघून कामाला येणारा. माझ्या हाताखाली होता, पण आम्ही एका वयाचे, रोज डबा एकत्र खाणारे. मला साहेब म्हणाला नाही कधी. राव म्हणायचा.

त्या वेळी दुसऱ्या दिवशी कस्टमरचं ऑडिट होतं आणि रिपोर्ट नव्या पद्धतीचे हवे होते, त्याला अपडेट लागणार होतं. मी आकुर्डीला फोन केला. तिथला इंजिनिअर म्हणाला, "आधीचा पॅच टाकलेला आहे का तेवढं बघून सांगा. नसेल तर दोन्ही फाइली देतो."

बघायचं म्हणजे उठायचं, बूट काढायचे, आत जायचं. मी खुर्चीतूनच म्हणालो, "आहे, आहे. एकच द्या."

तो दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर गेला आणि मोशीच्या गर्दीतून वाट काढत परत आला. आम्ही दोघं आत गेलो. पेन ड्राइव्ह लावला. हिरवी पट्टी थोडी सरकली आणि थांबली. आधीचा पॅच नाही, असं स्क्रीनवर आलं. नेमके तेव्हाच मॅनेजर दारात उभे राहिले.

"झालं का?"

मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "अरे, तुला दोन्ही फाइली आणायला सांगितलं होतं ना?"

हे वाक्य तोंडातून कसं निघालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. सहज निघालं, एवढंच आठवतं.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग मॅनेजरांकडे बघून हसला. "इसरलो आसन साहेब. जाऊन आणतो."

"डोकं काय गोठ्यात ठेवून येतो का रे?" मॅनेजर म्हणाले आणि गेले. तोही गेला.

मोशीच्या अलीकडे ट्रेलरने त्याला उडवलं. जागेवरच गेला.

त्याच्या दारात मॅनेजरांनी त्याच्या वडिलांना समजावून सांगितलं की एक फाइल विसरला, म्हणून परत जावं लागलं. त्याची बायको आतल्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. मी मॅनेजरांच्या शेजारी उभा होतो. ऑडिट कस्टमरने आपणहून पुढे ढकललं. फाइल नंतर दुसऱ्याच कुणीतरी आणली.

कंपनीने त्याच्या बायकोला, वहिनींना, पॅकिंगला घेतलं. कामाला चोख. सोबतची एखादी बाई टेप विसरली, कुणी पाण्याची बाटली विसरलं, की त्या म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्यावानी इसरू नगा बायांनो, जीव जातो." बाया हसायच्या, त्याही हसायच्या. माझ्या टेबलापर्यंत ते ऐकू यायचं. वर्षानुवर्षं यायचं.

नव्या सॉफ्टवेअरने जुन्या सेटिंग तशाच उचलल्या. प्रत्येक रिपोर्टखाली ऑपरेटर म्हणून अजून त्याचंच नाव छापून येतं. हल्लीचा ऑपरेटर म्हणतो, काढू का? मी म्हणतो, राहू दे. आता प्रत्येक अपडेटला मी स्वतः आकुर्डीला जातो, लागोत न लागोत, सगळ्या फाइली भरून आणतो. पट्टी सरकत असते तेव्हा पाठीशी कुणीतरी हातात हेल्मेट घेऊन उभं आहे असं वाटतं. एसीचा आवाज असतो, तरी श्वास ऐकू येतो. हे मी घरी कधी सांगितलेलं नाही.

या वर्षी पुन्हा अपडेट आलं. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकून पॅकिंगवरून निघालो होतो. वहिनी म्हणाल्या, "समदं घेतलं ना भाऊजी? न्हाईतर आमच्या ह्यांच्यावानी..."

"वहिनी, तो विसरला नव्हता."

त्यांचा हात खोक्यावर थांबला. मी त्यांना शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. फोन, बूट, माझं ते वाक्य. त्यांनी मधे एकदाच विचारलं.

"मंग ते काय म्हनले?"

"हसला. म्हणाला, विसरलो असेन."

"हसले?"

"हो."

त्या टाकीला टेकल्या. रडल्या नाहीत. "रोज दिवा लावताना मी भांडते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "म्हनते, एक फाईल ध्यानात ऱ्हाईली न्हाई तुमच्या, आन् मला ह्या खोक्यांत घातलं. सासऱ्यांनी बी मरताना तेच म्हनलं, येंधळा हुता. पोरीला बी मी तेच शिकवलं."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कळलं नाही.

"हे समद्यांम्होरं सांगायचं," त्या म्हणाल्या. "उद्या, सकाळच्या मीटिंगला. त्यांचं नाव घेऊन सांगायचं."

सांगितलं. लाइनवरची माणसं रांगेत उभी होती. पुढचे खाली बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या साहेब, झालं गेलं." मागच्या रांगेतून वहिनी म्हणाल्या, "तुमाला काय जातंय जाऊ द्या म्हनायला?" मॅनेजर आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी नंतर केबिनमध्ये बोलावून एवढंच विचारलं, "आत्ता कशाला उकरलं हे?"

चहाच्या सुट्टीत वहिनी माझ्या टेबलापाशी आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"साहेब," त्या म्हणाल्या. आजवर भाऊजी म्हणायच्या. "दुसऱ्यांदा निघताना त्यांचं त्वांड कसं हुतं? रागावले हुते का? ते तरी खरं सांगा."

काहीतरी चांगलं सांगता आलं असतं. त्यांना तेच हवं होतं, असंही वाटलं. पण तो गेला तेव्हा मी स्क्रीनकडे तोंड करून तीच फाइल परत चालवत होतो. चालणार नाही हे माहीत असून. दार लागल्याचं ऐकलं होतं फक्त.

"मी बघितलं नाही वहिनी," मी म्हणालो.