आई म्हणायची, “जीभ दाखव!”

आईला जाऊन महिना झाला. भेटायला येणारा रडतो, चहा घेतो आणि उठता उठता तिचा एक किस्सा सोडून जातो. आता इतके झालेत, की मला एकट्याला पेलवेनात. म्हणून लिहितोय. सातवी नापास आहे, सांभाळून घ्या.

पारनेरजवळ आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची. कारागीर माझा मोठा भाऊ, दादा. वीस वर्षं तो कधी चौघांचं काम एकटा करायचा, कधी महिनाभर अंथरूण सोडायचा नाही. गाव म्हणायचं, “वारं लागलंय.” शेवटी बेचाळिसाव्या वर्षी नगरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. बायपोलर!

दादानं विचारलं, “डॉक्टर, एकाच विहिरीवर मी तीन मोटारी बसवल्या हुत्या. ते मी, का आजार?”

“विहिरीला पाणी किती होतं?”

“एका मोटारीपुरतं बी न्हाई.”

“मग आजार!”

*

गोळ्या सुरू झाल्या, पण दादा गोळी गालात धरायचा. आईनं ओळखलं. रोज सकाळी दुकानात येऊन पाणी द्यायची आणि म्हणायची, “जीभ दाखव!” एवढा मिशीवाला माणूस निमूट जीभ काढायचा.

एकदा बाकड्यावर नवं गिऱ्हाईक बसलेलं. घाबरून त्यानंही काढली!

*

गोळ्यांनी दादाचा हात थरथरायचा. मग तार मी भरायची, वेढे त्यानं मोजायचे, असं ठरलं. मला दम कुठला! एक मोटार मी न मोजताच भरली आणि चालू केली. धूर!

“येडा मी, आन मोटार जाळली तू!” म्हणून दादा हसत सुटला. थांबेचना. आईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

दादा ओरडला, “आरं, नुसता हसलोय! हसायला बी डॉक्टरची चिठ्ठी आणू का?”

*

आई अचानक गेली. रडता रडता दादा म्हणाला, “आता जीभ कुनाला दाखवू?”

मी छाती ठोकली, “मला!”

चौथ्या दिवशी आठवण झाली. डबीत तीन गोळ्या तशाच.

*

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर, खाली एकही येईना. मामा म्हणाले, “जीव कशात तरी अडकलाय तिचा. बोला कायतरी.”

मी ओरडलो, “आई, दादाच्या गोळ्या मी बघीन!”

कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मामा म्हणाले, “तुझ्यावर तिचा भरवसा हुता कधी?”

दादा उठला. खिशातून गोळी काढली, तांब्यातल्या पाण्यानं गिळली. मग पिंडापुढं वाकून, सगळ्या भावकीदेखत, त्यानं लांबलचक जीभ बाहेर काढली.

कावळा खाली आला.