मामांचं टेहळणीचं विमान

मामांना राग यायला माणूस लागत नसे, चुकीचं चित्र पुरत असे. दुबईत अल बर्शातल्या आमच्या घरी जेवायला आले आणि मुलीच्या पुस्तकात विमानाखाली काहीबाही लिहिलेलं दिसलं, की ताट तसंच राहायचं. "कोण गाढव छापतो हे?" मी म्हणायचो, "मामा, वरण निवतंय." "निवू दे. माझं डोकं तापलंय ना!"

माझ्या या सख्ख्या मामांनी एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज काढत उभा जन्म दुबईत घालवला. इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीत एकटेच राहत. जीव मात्र जडला होता पहिल्या महायुद्धातल्या एका फ्रेंच लष्करी विमानावर. एकावर एक दोन पंख, तारांचं जाळं, काम टेहळणीचं. शत्रूच्या डोक्यावर जायचं, बघायचं, परत येऊन सांगायचं. "बघून येणं हेही शौर्यच असतं, बाळ्या." पन्नाशीत मला बाळ्या म्हणणारा तो एकच माणूस उरला होता, आणि तोही बहुधा रागावलेला.

"बघितलंस का?" हा त्यांचा कायमचा सवाल. एका शुक्रवारी मी जाहीर केलं, खोर फक्कानचा रस्ता बंद आहे, सहल खलास. "बघितलंस का?" "ग्रुपवर आलंय, मामा." "म्हणजे नाही बघितलंस. यल्ला, गाडी काढ." रस्ता सताड उघडा होता.

मामा निवृत्त झाले, कंपनीने व्हिसा रद्द केला, चिपळूणचं तिकीट निघालं. जाण्याआधी त्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळाला त्या विमानाची प्रतिकृती करून दिली. ड्रॅगन मार्टमधून बांबूच्या काड्या आणल्या, माझ्या बायकोच्या मशीनवर पंखांचं कापड शिवलं. आमच्या जेवणाच्या टेबलाएवढं विमान झालं. दिवाळीच्या प्रदर्शनात मांडायचं आणि पुढे मंडळाच्या वाचनालयात कायमचं ठेवायचं, असं ठरलं. "इतकी वर्षं इथं काढली, एवढं तरी माझं इथं राहू दे," म्हणाले. एरवी असलं काही बोलणारे नव्हते.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही हॉलमध्ये शिरलो आणि मामा दारातच थिजले. त्या विमानाचा फिरता पंखा, म्हणजे प्रोपेलर, मागे असतो. मंडळाच्या सेक्रेटरींनी तो उपटून नाकावर चिकटवला होता. वर खेळण्यातली मशीनगनही बसवली होती, आणि बोर्ड होता, 'फायटर प्लेन'.

"कोणी केलं हे?"

"मामा, पंखा चुकून मागे लागला होता ना तुमच्याकडून," सेक्रेटरी प्रेमाने म्हणाले. "आम्ही करेक्ट केला. गनमुळे फोटोत उठाव पण येतोय."

"अहो, पंखा मागे ठेवला तो समोरचं मोकळं दिसावं म्हणून! टेहळणीला निघालेल्याच्या डोळ्यांपुढे पंखा फिरवलात, तर तो बघणार काय, तुमचं कपाळ?"

"चीफ गेस्ट येतायत, मामा. नंतर बदलू, इन्शाल्ला."

"Ajoba, honestly, it looks cooler," माझी कन्या म्हणाली. घरातूनच आहेर!

आम्हा मंडळींचं हे असंच. दुसऱ्याने महिनोन्महिने खपून केलेली गोष्ट न विचारता सुधारायची, आणि वर त्यानेच आभार मानावेत म्हणून उभं राहायचं! सेक्रेटरींना चांगलं सुनवायचं होतं मला. तोंडातून निघालं मात्र एवढंच, "चहा घेणार का, मामा?"

मामांनी चहा घेतला नाही. खिशातली पक्कड काढली आणि एकेक तार कापली. पंख मिटले, कापडाची गुंडाळी झाली, काड्यांची मोळी. "रिकामं टेबल बघू दे लोकांना. खोटं बघण्यापेक्षा बरं." मोळी काखोटीला मारून ते टॅक्सीत बसले.

सेक्रेटरी लगबगीने टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडायला आले. मी त्यांचा हात धरला. "हे टेबल रिकामंच राहील," म्हणालो. आवाज माझाच होता, मीच दचकलो. कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मामांनी विचारलं, "काय म्हणाले लोक?"

"विचारत होते, इथलं विमान कुठे गेलं?"

"मग?"

"सांगितलं, टेहळणीला गेलंय."

मामा खळखळून हसले. मग पासपोर्ट वरच्या खिशात सरकवत माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत यायचं नाही म्हणावं ते, बाळ्या. उगाच वाट बघत बसतील."