एक तास न थांबणारा कॉम्प्युटर

भाताच्या गिरणीत कोंडा कुणी मुद्दाम साठवत नाही. गिरणी चालू असली की तो साठतोच. माझ्या दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच आहे.

दुकान भोरच्या बाजारपेठेत. कॉम्प्युटरची जोडणी आणि दुरुस्ती. मी मूळची वेल्ह्याकडच्या पालीची. शिकले चेन्नईला, मग दोन वर्षं जर्मनीत, आणि परत आले. का परत आलीस, असं विचारणाऱ्याला मी उत्तर देते, आणि ते लांबतं, म्हणून हल्ली कुणी विचारत नाही. थोडक्यात सांगायचं तर, चांगलं काम करायचं म्हणून भोर-वेल्ह्याच्या माणसाला पुण्यात कॉट भाड्यानं घ्यावी लागते, हे मला मान्य नाही. हे मी दोन्ही तालुक्यांत सांगत फिरले. मग उत्रोलीचा नीलेश कांबळे दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, आता करून दाखवा."

नीलेशला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळत होतं. नवीन गेम खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. घरी बसून चालणार होतं. अट एकच. कंपनीचे साहेब कॅमेऱ्यावर बघत असताना त्यांचा गेम नीलेशच्या कॉम्प्युटरवर सलग एक तास चालला पाहिजे. मध्ये थांबायचा नाही, अडखळायचा नाही. जमलं तर काम. नाही जमलं तर दुसरा उमेदवार तयार होता. नीलेशनं आधी दीड वर्ष पुण्यात एका खोलीत पाचजणांबरोबर काढलं होतं. घरी आई एकटी, आणि भाताचं एक खाचर. त्याला परत जायचं नव्हतं.

बजेट पंचेचाळीस हजार. असा गेम चालवायचा तर त्यात नवं काही बसत नाही. म्हणून ठरलं की जुना पण दणकट प्रोसेसर घ्यायचा आणि तो ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा.

* * *

नीलेशच्या यादीत पहिली वस्तू होती रंगीत लाइटवाले सहा पंखे.

मी म्हटलं, "लाइटनं गेम जोरात पळतो का?"

"पळत न्हाई ताई. पण लाइट नसंल तर गेमिंग पीसी म्हणंल का कोण? धान्याचा डबा वाटंल."

त्याची आई शेजारीच बसली होती. मालनमावशी. त्या म्हणाल्या, "मोरीतला बल्ब जाऊन महिना झाला. त्यो बदलायला ह्याला सवड न्हाई. आन डब्याच्या आत सात रंगांच्या लाइटी!"

लाइट यादीतून गेले. संध्याकाळी मोरीत बल्ब लागला.

* * *

माझे चुलत आजोबा, आबा, रोज सकाळच्या एसटीनं पालीहून येतात आणि दुपारपर्यंत दुकानात बसतात. जन्मभर त्यांनी बैलांचा व्यापार केला. आता बैल राहिले नाहीत, तर ते माझी गिऱ्हाइकं बघतात.

"ओव्हरक्लॉक म्हंजी काय गं?"

"आबा, प्रोसेसर जेवढा पळायला बनवलाय, त्याच्यापेक्षा जास्त पळवायचा."

"पराणी टोचायची म्हण की."

"तसंच."

"मंग त्यो तापणार."

"तापणार. म्हणून वर मोठा पंखा."

आबांनी मान हलवली.  मग म्हणाले, "आन वैरण?"

"वैरण कसली?"

"जास्त पळवणार, तर जास्त खाणार न्हाई का त्यो? खायाला काय घालणार हायेस?"

मी यादीकडे बघितलं. सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय हीच यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू होती. असल्या सप्लायवर हे मशीन दोन दिवसांत धूर काढतं. चेन्नई आणि जर्मनी मिळून मी सहा वर्षं हेच शिकले होते.

मी निमूटपणे यादी बदलली. आबा म्हणाले, "भरल्या पोटाचा बैल घाटात बसत न्हाई."

* * *

गेमची चित्रं पडद्यावर पळवणारं ग्राफिक्स कार्ड जुनंच घ्यायचं होतं. पुण्याला निघालो तर आबा म्हणाले, "जुनं जनावर घेताना म्या नको?" मग आबाही आले.

दुकानात पंचविशीचा एक तरुण मालक. त्यानं कार्ड पुढे ठेवलं. आबांनी ते हातात घेऊन तोललं, उलटं केलं, आणि कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "दात झिजल्यात. किती दावणी फिरलाय?"

"काका, सिंगल ओनर आहे. फक्त सिनेमे बघायला वापरलंय."

आबा माझ्याकडे वळले. "बाजारात प्रत्येक बैल फकस्त देवदर्शनालाच गेल्याला असतो." मग मालकाला म्हणाले, "चालवून दाव."

"काका, चेक करूनच विकतो आम्ही."

"चालवून दाव. चालवल्याबिगर म्या शेळीबी घेत न्हाई."

त्यानं कार्ड लावलं. पाच मिनिटांत पडद्यावर आडव्या रेघा आल्या. आबा म्हणाले, "लंगडतंय. दुसरं काढ."

दुसरं अर्धा तास नीट पळालं. आता भाव. बैलबाजाराची रीत अशी, की भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर कापड टाकायचं आणि आतल्या आत एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून काउंटरवर टाकलं आणि त्याखाली मालकाचा हात घट्ट पकडला.

मालक दचकलाच. "काका, काय करताय?"

"भाव करतोय. बोलू नगंस, शेजारचा ऐकतोय."

"काका, मला यातलं काही कळत नाही."

"कळंल."

आबांनी बोटं दाबली. तो बघत राहिला. आबांनी पुन्हा दाबली. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती, आणि चौघांचे मोबाइल बाहेर आले होते. "काका, सोडा ना!" आबांनी तिसऱ्यांदा दाबली. शेवटी तो ओरडला, "दोन हजार कमी द्या, पण हात सोडा!"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आबा, आत तुम्ही किती कमी करायला सांगितलं होतं?"

"पाचशे."

* * *

कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्या पेटीत बसवतात ती. एका बाजूनं काचेची. ती मांडीवर घेऊन नीलेश स्वारगेटहून एसटीत बसला.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "फिशटँक का?"

नीलेशनं आईला आणि आबांना समजावून दमल्यावर ठरवलं होतं, की आता कुणालाही समजवायचं नाही. तो म्हणाला, "व्हय."

कात्रजचा बोगदा आला. मग कंडक्टर आले. "पाणी सांडू नका."

"न्हाई सांडत."

खेड शिवापूरला मागच्या सीटवरचे एक आजोबा वाकून वाकून बघायला लागले. "मासं कुठं दिसत न्हाईत ते?"

"बारकं हायत अजून."

आजोबा नसरापूरला उतरले. जाताना म्हणाले, "व्हय, एक दिसला."

* * *

नीलेशच्या घरी जोडणी झाली. पत्र्याचं घर, भिंतीला टेबल, टेबलावर मशीन. आबांनी पिशवीतून नारळ काढला.

मालनमावशी म्हणाल्या, "आबा, नारळ चटणीला होईल. आमच्यात आधी त्रिशरण, मग बटण."

'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत त्रिशरण झालं. आबाही हात जोडून उभे राहिले. नीलेशनं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

 मी झाकण उघडलं, एकेक वायर काढून परत बसवली. रॅम बदलून बघितली. पाऊण तास गेला. आबा नारळाकडे बघत होते.

चहा घेऊन आलेल्या मालनमावशी थांबल्या. मशीनच्या मागं वाकल्या. "हितं खटका हाय की एक. गावातल्या गिरणीलाबी मागं असतो." आणि त्यांनी तो दाबला.

मशीन सुरू झालं.

आबा म्हणाले, "हिला जर्मनीला धाडायला पायजे हुतं."

* * *

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण त्याच्याशिवाय शेवटचा सांगता येत नाही.

परीक्षा शनिवारी दुपारी बारा वाजता. गुरुवारी दुपारी आम्ही रंगीत तालीम घेतली. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा. नीलेश खेळत होता, मी घड्याळ बघत होते, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा वाचायला मालनमावशींना बसवलं होतं.

"अठ्ठ्याऐंशी!"

"व्हईल आई."

"ब्याण्णव! ... अरं पंचाण्णव! नील्या, भात शिजंल आता ह्याच्यावर!"

बत्तिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. जास्त तापलं की मशीन आपणहून बंद होतं.

खिडकीला ओलं गोणपाट बांधलं. एकतीस मिनिटांत पुन्हा बंद. प्रोसेसरचा वेग उतरवला. मशीन बंद पडलं नाही, पण गेम अडखळायला लागला. म्हणजे पळवलं तर तापणार, आणि नाही पळवलं तर अडखळणार. प्रोसेसरवर बसवायचा मोठा कूलर घ्यायला बजेट उरलं नव्हतं. मी माझ्याकडचे पैसे घालते म्हटलं, तर नीलेश म्हणाला, "ताई, ह्या जुन्या प्रोसेसरला बसंल असा पुण्यातबी मिळत न्हाई, मागवून शनवारपातूर येतंय का?" येत नव्हतं.

मी निघाले तेव्हा तो अंगणात फोनवर बोलत होता. "तुझ्या रूमवर कॉट मोकळी हाय का रं?"



* * *

उत्रोलीच्या रस्त्याला माझ्या सुमनकाकूंची छोटी डेअरी आहे. मागच्या बाजूला दूध आणि पनीर ठेवायची थंड खोली, जाड दाराची. बाहेर जनरेटर. बिलासाठी इंटरनेट. शुक्रवारी सकाळी मी काकूंसमोर उभी राहिले आणि काय पाहिजे ते सांगितलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "दार उघडं ठेवायचं न्हाई. कॅनला हात लावायचा न्हाई. दूध नासलं तर तुझा कॉम्पुटर पिऊ का?"

शनिवारी साडेअकराला मशीन खोलीत गेलं. रिकाम्या क्रेटवर क्रेट ठेवून टेबल केलं. नीलेश स्वेटर घालून, कानटोपी ओढून बसला. मांडीवर मालनमावशींनी दिलेली गोधडी. बाहेर आम्ही सगळे घाम पुसत होतो. दाराला हातभर काच आहे, तिला मी नाक लावलं.

बाराला साहेब पडद्यावर आले. इंग्रजीत बोलत होते. गेम सुरू झाला. तापमान छप्पन्न.

दहा मिनिटं. वीस. बत्तिसावं मिनिट आलं आणि गेलं. अठ्ठावन्न.

चाळिसाव्या मिनिटाला दूध न्यायला टेम्पो आला. ड्रायव्हर सरळ थंड खोलीच्या दाराकडे निघाला. काकू आडव्या आल्या. "वीस मिनटं थांब. दार उघडायचं न्हाई."

"का? आत काय चाललंय?"

"मुलाखत."

ड्रायव्हरनं काचेतून बघितलं. गोधडीतला नीलेश, भोवती दुधाचे कॅन. "कुणाची?"

"त्याची. गप बस."

लाइट गेली. मी डोळे मिटले. मशीन मी दुकानातून आणलेल्या जुन्या बॅटरीवर होतं, ती किती धरेल माहीत नव्हतं. काकूंनी स्वतः जाऊन जनरेटर लावला. डोळे उघडले तेव्हा नीलेश खेळतच होता.

एक वाजला. गेम थांबला नव्हता, अडखळला नव्हता. तापमान एकसष्ट.

काचेतून आवाज नीट येत नव्हता, म्हणून मी दार बोटभर उघडलं. काकूही फटीशी वाकल्या.

साहेब इंग्रजीतच विचारत होते. एवढा जुना प्रोसेसर, एवढा पळवलेला, आणि एकसष्ट? कूलिंग कसलं लावलंय? एअर की लिक्विड?

नीलेशनं गोधडी सावरली. मला वाटलं, आता हा काहीतरी ठोकून देणार. त्यानं कानटोपी काढली.

"लिक्विड म्हणायला हरकत न्हाई, सर."

"व्हिच लिक्विड?"

नीलेशनं कॅमेरा हळूच वळवला. एक कॅन, दुसरा कॅन, पनीरचे ट्रे, आणि दाराच्या फटीत मी, काकू, आबा, मालनमावशी आणि टेम्पोचा ड्रायव्हर.

"म्हशीचं दूध, सर."

 आबांनी माझं मनगट धरलं होतं.

"एव्हरी डे फ्रॉम देअर?"

"स्वेटर हाय, सर."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. "मंडे, टेन ओ'क्लॉक. लॉगिन."

मग ते कॅमेऱ्याजवळ सरकले, चष्मा वर केला, आणि तासाभरात पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"दुधाला फॅट किती लागतंय?"