घरटी एक

मी सूड घेणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. शहापूरला एका दवाखान्यात मी केसपेपर काढते. रांग मोडून खिडकीत हात घालणाऱ्याला मी कधी नाही म्हणत नाही. त्याचा केसपेपर काढते, फक्त फार सुवाच्य अक्षरात. नाव, गाव, वय, सगळं वळणदार. तोवर त्याच्या मागचे दोघे पलीकडच्या खिडकीवरून आत गेलेले असतात. भांडण नाही, तक्रारीला जागा नाही. हा गुण आईकडून आला, आणि आईला तो एका आमंत्रणाने लावला.

आमच्या शेणवा-किन्हवली भागात लग्नाची पत्रिका आता मोबाइलवर येते, पण तिला कोणी आमंत्रण मानत नाही. आमंत्रण म्हणजे घरची माणसं अक्षता घेऊन दारात येतात आणि तोंडाने सांगतात. ‘चूलबंद’ म्हटलं तर अख्ख्या घराला जेवण, त्या दिवशी तुमची चूल पेटवायची नाही. ‘घरटी एक’ म्हटलं तर घरातल्या एकानेच यायचं. यात तसा अपमान काही नाही, ओळखीपाळखीच्या घरांना तसंच सांगतात. भावकीला मात्र चूलबंदच. ते गृहीतच असतं.

बावीस वर्षांपूर्वी माझ्या चुलत्याच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. आमची घरं भिंतीला भिंत लागून. चुलत्याने नुकतेच नवे पत्रे टाकले होते आणि त्यांची पागोळी आमच्या अंगणात पडणार, यावरून आईचं आणि काकूचं वाजलं होतं. पावसाला अजून महिना अवकाश होता. पाण्याचा थेंब पडायच्या आत भांडण पार शेवटाला गेलं. दोन दिवसांनी काकू अक्षता घेऊन आमच्या दारात आली आणि आईकडे न बघता म्हणाली, “घरटी एक.”

वडील गेले. सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं, न जाऊन सांगतात कोणाला. आईने बरोबर पंगतीच्या वेळेला चूल पेटवली आणि सुके बोंबील भाजायला घेतले. वारा मांडवाकडे होता. नवरीकडची माणसं बुंदीचा घास हातात धरून इकडेतिकडे बघायला लागली, असं वडिलांनी नंतर सांगितलं. आईला त्याचा फार आनंद झाला. मी दहा वर्षांची होते. त्या लग्नासाठी शिवलेला फ्रॉक मी हट्टाने घातला होता आणि तो घालून चुलीशेजारी बसले होते. पलीकडे बँड वाजत होता. मला काकूचा राग आला नाही, आईचाही नाही, त्या बोंबलांचा आला. अजून मी ते खात नाही. आमच्या भागात राहून सुके बोंबील न खाणं, हाही एक सूडच आहे, फक्त तो मी माझ्यावरच उगवते.

वर्षभरात चुलत्याने सापगावला घर बांधलं आणि ती माणसं तिकडे गेली. आईने त्या घराचं नाव टाकलं, पण हिशेब डोक्यात ठेवला. माझ्या लग्नात परतफेड व्हायची होती, पण नेमका त्याच महिन्यात चुलता वारला. दहाव्याला वडील एकटे जाऊन आले. आईने तापाचं निमित्त काढलं. दुखवट्याच्या घरी टोमणा मारायचा नसतो, एवढं तिलाही कळत होतं. मग राहिला एकच मोका, माझ्या धाकट्या भावाचं लग्न. तो तेव्हा बारावीत होता. आई थांबली.

रोज संध्याकाळी ती टीव्हीवर मालिका बघते. त्यात जावाजावांचे सूड महिनोन् महिने चालतात, दुधात काय काय कालवतात, कागदांवर अंगठे घेतात. आई म्हणते, “येवढं कशाला कराय लागतं? दोन शब्दांचं काम हाय.”

यंदा भावाचं लग्न ठरलं. मी रजा टाकून सासरहून चार दिवस आधी माहेरी आले. वडील आईला म्हणाले, “बावीस वर्सं झाली गो. चूलबंद सांग नि मोकळी हो.”

“तुमी जेवून आलात,” आई म्हणाली. “माजी पोर फ्राक घालून घरात बसली व्हती.”

मी तिला अडवायला हवं होतं. अडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं.

दुपारी आम्ही दोघी सापगावला गेलो. घर चांगलं दुमजली, वरच्या दाराला कुलूप. काकू ओटीवर जेवणाचा डबा धूत होती. तिने हात पुसले, आम्हाला बसायला चटई टाकली. आई बसली नाही. उभ्या उभ्याच तिने अक्षता पुढे केल्या, हळदीचा दिवस सांगितला, लग्नाची वेळ सांगितली, आणि काकूच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “घरटी एक.”

काकूने अक्षता पदरात घेतल्या. म्हणाली, “आमीबी तुला तसंच सांगितलं व्हतं. ध्यानात हाय माज्या.”

आईने अक्षतांची पुडी परत पिशवीत ठेवली.

“येईन मी,” काकू म्हणाली. “घरात दुसरं कोण नायच.”

“नि पोरं? सुना?” आईने विचारलं.

“थोरला बदलापूरला, फ्लॅट घेतला त्यानं. धाकटा दोन वर्सं झाली भिवंडीला ऱ्हातो. त्यांना तूच फोन कर. माज्या सांगण्यावर येत नाय ती.” मग ती उठली. “बस गो. च्या ठेवते. तेवढीच ठेवते मी, जेवणाचा डबा येतो.”

आई बसली. चहा प्यायली. कप मीच विसळून ठेवले. निघताना काकूने मला जवळ घेतलं आणि मुलं किती, कितवीत आहेत, विचारलं. मी सांगितलं. तिने दोघांसाठी कपाटातून बिस्किटांचे दोन पुडे काढून दिले. ते मी घेतले आणि मला स्वतःची लाज वाटली.

शहापूरच्या स्टँडवर किन्हवलीच्या गाडीला वेळ होता. मी लहानपणी ऐकलेल्या गोष्टींचा विचार करत बसले. गोष्टीतला वैरी किती वर्षांनी गाठला तरी तसाच असतो, धडधाकट, भरल्या घरात बसलेला, आपली वाट बघत. मालिकेतल्या जावा तर म्हाताऱ्याही होत नाहीत. आई बिस्किटांच्या पुड्यांकडे बघत होती.

“मी काय ठरवलं व्हतं,” ती म्हणाली. “म्हातारी येईल एकली, नि तिची नातवंडं नवे कपडे घालून घरात बसतील. रडतील. तिला कळंल मग.”

माझ्याही डोळ्यांपुढे बावीस वर्षं तीच पोरं होती.

“मागं ठेवायला तिच्याकडं कोणच नाय गो,” आई म्हणाली.

गाडी लागली. आई उठली नाही. म्हणून ती गाडी आम्ही सोडली.