सहदेवाचं गाऱ्हाणं

रोज सकाळी सहदेव डबा भरायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि मालवणची पहिली एसटी पकडायचा. पाणंदीत कुणी ना कुणी हटकायचंच, "खंय रे सहदेवा?" तो हात हलवून म्हणायचा, "कामार!" आणि काम तर गणपतीआधीच गेलं होतं.

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. मशीनचा आवाज जरा बदलला की हा जेवणावरून उठायचा. मग मालकाच्या मुलाने आपोआप चालणारं नवं मशीन आणलं आणि सहदेवाला घरी बसवलं. गाव डोंगराआड, भातात आणि काजूत रमलेला. तिथे ही बातमी पोचली नाही आणि यानेही पोचवली नाही. कशी पोचवणार? नाक्यावरच्या रिकामटेकड्यांना सगळ्यात जास्त टोमणे यानेच तर मारले होते. आई असती तर तिने त्याचा चेहरा बघूनच ओळखलं असतं. ती गेल्यापासून घरात बोलायला मांजरही नव्हतं.

हातपाय गाळून बसणारा तो नव्हता, एवढं खरं. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी पालथी घातली. पेपरातल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती वाचल्या, कारखान्यांच्या दारात स्वतः जाऊन उभा राहिला. ओरोसच्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवायला गेला तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अर्ज करत राहा, पण आधी आपल्या माणसांच्या कानावर घाला. गावात, नात्यात सांगून ठेवा. कामं अशीच लागतात."

"हो बाई," सहदेव म्हणाला. आणि सांगितलं मात्र कुणालाच नाही. खुळा तो खुळाच!

मार्गशीर्षात रवळनाथाची जत्रा आली. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान गावातल्या वडीलधाऱ्या भाईंचा. ज्याचं जे मागणं असेल ते भाई देवाला मोठ्याने सांगतात आणि सगळा गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतो. सहदेवाचा नारळ हातात घेऊन भाईंनी विचारलं, "काय सांगू रे?"

आजूबाजूला सगळा गाव. सहदेवाची जीभ वळली ती भलतीकडेच. "कामात बरकत होवंदे."

भाईंनी खड्या आवाजात देवाला सांगितलं की, ह्या लेकराच्या नोकरीत अशीच बरकत ठेव. गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" सहदेवालाही म्हणावं लागलं. देवासमोर आपण खोटं बोललो, आणि तेही अख्ख्या गावाला सोबत घेऊन, या विचाराने त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढे अर्ज संपले, ओळखी तर नव्हत्याच. मग तो तारकर्लीला सुरूच्या बनात जाऊन बसू लागला. डबा तिथेच खायचा, एकटाच, समुद्राकडे तोंड करून. कावळ्यालाही "ये रे" म्हणायचा, इतकी बोलायची भूक लागली होती. बनामागेच भाईंच्या जावयाचं पर्यटकांसाठीचं न्याहारी-निवास होतं. त्या वर्षी भारनियमन जोरात होतं. दुपारी लाइट गेली की तिथला जनरेटर खोकत खोकत सुरू व्हायचा आणि बंद पडायचा. सहदेवाचे हात शिवशिवायचे. पण आत गेलो तर जावई ओळखणार, आणि संध्याकाळपर्यंत गावात कळणार! तो झाडाआड आणखी सरकून बसायचा.

एके दुपारी मात्र जनरेटर सुरळीत चालला. सहदेवाने कान टवकारले. कुणीतरी जाणता हात लागला होता. का कोण जाणे, त्याला रडूच आलं.

त्याच आठवड्यात भाई त्याला नाक्यावर भेटले. "अरे, माझो जावय मशीन बघूक माणूस सोधी होतो. पयला तुझाच नाव माझ्या तोंडार इला. पण म्हटलंय, तुझी नोकरी बरी चलली हा, कित्या मोडूक सांगू? जत्रेक आमीच गाऱ्हाणा घातला मा! मगे खारेपाटणच्या एकाक ठेवल्यान."

"बरा केल्यात," सहदेव म्हणाला. घरी येऊन तो चूल न पेटवताच निजला.

शिमग्याला पुन्हा नारळ घेऊन तो देवळात उभा राहिला. भाईंनी सवयीने विचारलं, "बरकतच मा?"

"नाय भाईनु. माझा काम गेला. गणपतीच्या आधीच. माका काम व्हया."

त्याने हे हळू सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज मोठाच निघाला. भाई त्याच्याकडे बघतच राहिले. मग देवाकडे वळले तेव्हा त्यांचा खडा आवाज कापत होता.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या सहदेवाचा काम गेला. ह्येना आमका सांगूक नाय, आणि रोज 'खंय' इचारणाऱ्या आमकाय कळाक नाय. चूक झाली आसात ती पोटात घाल आणि ह्येच्या हाताक काम दी म्हाराजा!"

मग बायकांच्या बाजूने म्हाताऱ्या गंगूचा फाटका आवाज आला, "व्हय म्हाराजा," आणि पाठोपाठ सगळा गाव. सहदेवाला तेवढं म्हणता आलं नाही. तो खांबाला टेकून लहान पोरासारखा रडत होता.

दुसऱ्या दिवशी सवयीने त्याने डबा भरलाच. पाणंदीत गंगूने विचारलं, "खंय रे?"

"काम सोधूक गे."

"मगे थांब थोडो," ती पायात चपला सरकवत म्हणाली. "माझो भाचो काजूच्या कारखान्यात आसा. मी येतंय तुझ्यावांगडा."