काकांच्या सहीचं पत्र

हे मी कुठल्याच ग्रुपवर टाकलेलं नाही. आणि मी म्हणजे — भाजी करपली तरी फोटो टाकणारी मुलगी यार!

मला फायर डिपार्टमेंटचा रेडिओ ऐकायचा नाद आहे. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात आता सगळं डिजिटल झालंय, पण बाहेरच्या एका गावातले आग विझवणारे व्हॉलंटियर्स अजून जुन्या फ्रीक्वेन्सीवर बोलतात. खरखर, कुणाचा तरी खोकला, मग पत्ता — भारी वाटतं! त्यासाठी मी कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर लावता येणारा एक स्वस्त वॉकीटॉकी घेतला. त्याला बोलायचं बटणही असतं, ते आपण दाबायचं नाही, बेकायदा आहे. मी कधीच दाबलं नाही. म्हणजे — हाताने नाही.

एका शनिवारी दुपारी किराणा घेऊन निघाले. तांदळाची पिशवी सीटवर टाकली ती नेमकी रेडिओवर. बटण दाबलेलं, आणि मी गाडीत आईशी फोनवर बडबडतेय. अकरा मिनिटं. तेवढ्यात एका घराला आग लागली आणि व्हॉलंटियर्सना पत्ता ऐकूच गेला नाही. चॅनलभर मीच. माणसं वाचली. स्वयंपाकघर जळून गेलं.

एवढंच असतं तर कदाचित सांगितलंही असतं. असतं का?

संध्याकाळी आमच्या स्कॅनरवाल्या, म्हणजे असे रेडिओ ऐकणाऱ्यांच्या, ग्रुपवर रेकॉर्डिंग आलं. दबका, घोगरा बाईचा आवाज. अॅडमिनने मला विचारलं, तू इंडियन ना, भाषा कुठली? मी लिहिलं — मराठी. पुढे लिहिलं — इथल्या एका मराठी दुकानात वॉकीटॉकी वापरतात. दोन्ही खरं! पण दुसरं मला कुणी विचारलं होतं?

दुकान तेच, जिथून मी तांदूळ घेतले होते. काका काउंटरवर, काकू मागे गोदामात. काकूंचे गुडघे गेलेत, सारख्या फेऱ्या नकोत म्हणून दोघांकडे एकेक सेट. अॅडमिनने कळवलं, फायर डिपार्टमेंटचा माणूस दुकानात चौकशी करून गेला, तसं काकांनी मला बोलावलं.

"तुला कळतं ना गं यातलं? आमच्याच सेटवरून गेलं असेल?"

"अकरा मिनिटं?" काकू हसल्या. "मला हे दोन मिनिटं सलग बोलू देत नाहीत!"

मीपण हसले. त्यांचे सेट त्या फ्रीक्वेन्सीवर जाऊच शकत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, "असू शकतं काका. बटण अडकतं कधीकधी."

काकूंचं हसू गेलं.

मग काका म्हणाले, माफीचं पत्र लिहून दे, तुझं इंग्लिश चांगलं आहे. मी लिहिलं — तिथेच, वीस मिनिटांत, माझं टायपिंग फास्ट आहे. त्या घरातल्यांची माफी अगदी मनापासून मागितली. खाली सही काकांनी केली. प्रकरण मिटलं.

मी अजून तिथेच जाते. जाणं बंद केलं तर विचारतील ना — का गं, दिसली नाहीस? सेट त्यांनी फेकून दिले. काल दुकानात गर्दी होती, काका सगळ्यांना सांगत होते, "या पोरीने निस्तरलं बघा आमचं."

मी पोहे मागितले. काकू उठल्या, रॅक धरत धरत मागे गेल्या. मी काउंटरपाशी उभी राहिले.