निंब तोडला, बांज लावला

मी जानेफळ सोडलं तेव्हा चैत्र संपत आला होता आणि आमच्या धुऱ्यावर उभं राहायला सावली नव्हती. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. अलीकडे आमचं वावर, पलीकडे मोठेबाबांचं, म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाचं. खामगावकडे जाणारी बैलगाडी तिथूनच वळायची, म्हणून बाप मला तिथवर पोचवायला आला होता. त्या धुऱ्यावर बापानं लग्नाच्या वर्षी लावलेला निंब होता. होता म्हणतो, कारण त्या दिवशी तिथं नुसतं खोड उरलं होतं आणि त्यातून अजून चीक गळत होता. डोक्यावर ऊन घेऊन आम्ही दोघं त्याच्याशेजारी गाडीची वाट बघत उभे राहिलो. खोडावर टेकावं असं दोघांनाही वाटलं नाही.

झाड पडलं तेव्हा मी अकोल्याला तारेचं काम शिकत होतो. निंबाच्या सावलीनं आपली पऱ्हाटी दबते, कपाशीला ऊन पोचत नाही, असं मोठेबाबांचं म्हणणं होतं. तक्रार खोटी नव्हती. झाडाखालच्या तासांना, म्हणजे ओळींना, बोंडं कमी लागतात, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या आणि झाड आडवं झालं. पण दुपारी त्याच निंबाखाली अर्धं गाव टेकायचं. निंदणाऱ्या बाया तिथं भाकरी सोडायच्या, मेहकरच्या बाजाराला निघालेला बांगडीवाला आपलं गाठोडं उतरवून बापाशी घटकाभर बोलत बसायचा. बोलायला माणसं बापाकडेच यायची, मोठेबाबांकडे कोणी जात नसे.

मी बापाला विचारलं, तुम्ही एका शब्दानं तरी बोललात का? तो म्हणाला, "जाऊ दे. झाडच होतं." गाडी आली. मी चढलो तसा तो म्हणाला, "तिकडं थंडी लय असते म्हन्तेत, कान बांधत जाजो. जाय आता, मांगं पाहू नको." मी खरंच मागं पाहिलं नाही, पण ते त्याचं ऐकायचं म्हणून नाही. मला त्याचा राग आला होता. ज्याचं झाड डोळ्यांदेखत तोडलं आणि तोंडातून शब्द फुटला नाही, असल्या माणसाकडे काय बघायचं! भुसावळला गाडी बदलली तरी माझा राग उतरला नव्हता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, आमचा कारभार नागपुराहून चाले. तारखात्याला मात्र कुठलाच मुलूख परका नव्हता. जिथं कोणी जायला राजी नसे तिथं नव्या माणसाला धाडायचं, असा रिवाज. मला कुमाऊँच्या पहाडात, एका छावणीच्या गावी धाडलं. काठगोदामला रेल्वे संपली आणि पुढे नुसता चढ. पावसाळ्यात जानेफळहून तार आली, ती मीच उतरवून घेतली. अक्षरं कागदावर मांडत गेलो आणि शेवटच्या शब्दाला कळलं की बाप गेला. राग मनात तसाच होता. ज्याच्यावर रागवायचं तो माणूसच राहिला नाही. आमचं वावर त्या सालापासून मोठेबाबा पेरू लागले.

मी भाड्यानं घेतलेल्या घराचं अंगण बोडकं होतं. पुढे ते घर मी विकतच घेतलं. पहाडात ऊन नसतं असं तुम्हा जानेफळच्या लोकांना वाटतं, पण वैशाखात तिथलं ऊन कातडी सोलतं. मी ठरवलं, इथं झाड लावायचं आणि तेही कोणाच्या बापाला न भिता. साहेबांच्या बंगल्यांत विलायतेहून बोटीनं आणलेली झाडं होती, बर्फ पडलं की माळी त्यांना गोणपाट गुंडाळत बसायचे. मी बांज निवडला. साहेब त्याला ओक म्हणतात आणि जळणाला वापरतात. मागच्या डोंगरावर त्याचं रान आहे. पान वरून हिरवंगार, खालून पांढरट, आणि ऐन थंडीत झाड नागवं होत नाही. अंगणात जंगली झाड कोण लावतं म्हणून ऑफिसातले हसले. हसू दे म्हटलं, ते इथलं तरी आहे.

पण वऱ्हाडी खोपडी ती वऱ्हाडीच. बांजाचं फळ सुपारीएवढं, बुडाशी टोपी असलेलं. मी चांगली निवडून फळं आणली, उन्हात वाळवली, राखेत घोळली आणि ज्वारीच्या बियाण्यासारखी गाडग्यात भरून ठेवली. पावसाळ्यात पेरली तर एकही उगवलं नाही. शेजारची देवकी, तिकडचीच बाई, हसून हसून भिंतीला टेकली. हे बी वाळलं की मेलं, झाडाखालून उचलायचं आणि ओलं असतानाच मातीत घालायचं, असं तिनं सांगितलं. पुढच्या साली तसं केलं, तर वानरांनी उकरून खाल्लं. त्याच्या पुढच्या साली वर काटेरी फांद्या रचल्या, तेव्हा एक रोप लागलं. तेही आधी मूळच खाली घालत बसलं, वर बोटभरही वाढेना. हिवाळ्यात बर्फाखाली पार निजायचं. मेलं म्हणून मी शिव्या घालायचो आणि बर्फ वितळलं की ते पुन्हा उभं. आमच्या घरच्यांना मी मोताळ्याहून लग्न करून आणलं तेव्हा ते त्यांच्या गुडघ्याला लागत होतं.

अजून एक वऱ्हाडी कारभार मी करून ठेवला होता. आपल्याकडे सावली हवी ती दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून, म्हणून झाड घराच्या दक्षिण-पश्चिम कोपऱ्याला, देवकीच्या भिंतीलगत लावलं. पहाडातला माणूस हिवाळ्यात ऊन शोधत फिरतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बांज मोठा झाला तशी त्याची सावली हिवाळ्यात लांबत लांबत भिंत ओलांडून उत्तरेला देवकीच्या अंगणात गेली. तिथं तिच्या मिरच्या वाळायच्या, तिची सासू गुडघे शेकत बसायची. एका कार्तिकात देवकी विळा घेऊन भिंतीशी उभी राहिली. आली, म्हटलं, इथंही मोठेबाबा आले. भांडायला मी पदर खोचलेल्या बाईसारखा तयार होतो.

ती म्हणाली, "बाबूजी, पेड़ रहने दो. मेरी तरफ़ की डालें काट लूँ? भैंस भी खा लेगी."

मी हो म्हटलं. तिनं चढून आपल्या बाजूच्या फांद्या उतरवल्या. म्हशीला चारा झाला, सासूला ऊन मिळालं, आणि उन्हाळा येईतो झाडाला नवी तांबूस पालवी फुटून माझी सावलीही परत आली. तेव्हापासून दर कार्तिकात हे असंच चाललं आहे.

यंदा मला पेन्शन झाली. परत जायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं. घरच्यांचे गुडघे थंडीनं धरतात, त्यांना माहेरच्या मुलखाची ओढ आहे. घराला गिऱ्हाईकही आलं होतं. आणि मला न्यायला मोठेबाबांचा किसना, माझ्याच वयाचा चुलतभाऊ, स्वतः एवढा पहाड चढून आला. मोठेबाबा गेले, आता कसलं वाकडं, वावर तुझं तू घे, धुऱ्यावर आपण नवा निंब लावू, असं तो म्हणाला. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

तो दोन घोंगड्या पांघरून अंगणात बसला होता, तेवढ्यात देवकी भिंतीशी आली आणि नेहमीसारखं विचारून झाडावर चढली. किसना बघत राहिला. फांद्या खाली पडल्या, उन्हाचा पट्टा पलीकडे सरकला. मग तो सहज, बिडी ओढत ओढत म्हणाला, "काकानंही हेच सांगतलं होतं ना तव्हा. म्हणे दादा, तुह्या वावराकडच्या फांद्या मी सोताच दरसाल छाटून देतो, झाड राहू दे. बाबा म्हणे, फांद्याचं काय घेऊन बसला, मले झाडच नाई पाह्यजे. तिथं दिवसभर लोकं काकापाशीच बसत ना."

मी विचारलं, "तुले हे तव्हाच माहीत होतं?"

"सगळ्याइलेच माहीत होतं," तो म्हणाला.

सगळ्यांना माहीत होतं. माना डोलावणाऱ्यांनाही माहीत होतं. माझा बाप बोलला होता, भावापुढे हात जोडून बोलला होता, आणि मी गाव टाकताना गावाचा राग घेऊन जाऊ नये म्हणून त्यानं ते माझ्यापासून लपवलं. तुम्ही लोकांनी मला इतकी वर्षं त्याला भेकड समजू दिलं. त्याच्या मरणाची तार लिहून घेतानाही मी त्याच्यावर रागावलेला होतो. पऱ्हाटीची चार तासं दबत होती हे खरं, पण मोठेबाबांना सावलीचं दुःख नव्हतं. त्या सावलीत धाकटा भाऊ चार माणसांत बसलेला त्यांना बघवत नव्हता. निंब गेला तो गेला, पण बापाविषयी मनात चांगलं ठेवायचा माझा हक्कही तुम्ही त्याच्यासोबत तोडलात. त्याची भरपाई कोणतं वावर करणार आहे?

मी किसनाला एवढंच म्हणालो, "तू जाय. मी नाई येत."

तो म्हणाला, "एवढ्याशा झाडापायी?" ज्याला एवढं बघूनही कळलं नाही त्याला सांगून काय कळणार! तो दुसऱ्या दिवशी उतरून गेला. गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलं. घरच्यांनी तिसऱ्या दिवशी बांधलेली ट्रंक सोडली.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी आजवर तोंड भरून जानेफळ सांगत आलो. आता नाही सांगत. देवकीला आता विचारायची काही गरज उरलेली नाही. मी नाही म्हणणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती दर साल विळा खाली ठेवते, भिंतीशी थांबते आणि माझ्या हो म्हणण्याची वाट बघते. तुम्ही धुऱ्यावर निंब लावा, चांगले दहा लावा. त्यांच्या सावलीत बसायला मी येणार नाही.